राहिलेलं वेरूळ आणि सुईचं टोक

छत्रपती संभाजीनगरला जाऊन वेरूळ न पाहता परत आलेला माणूस आमच्या चिपळुणात बहुधा मी एकटाच असेन. अजिंठा नाही, दौलताबादचा किल्ला नाही, पाणचक्कीसुद्धा नाही. मकबऱ्याचा घुमट रिक्षातून दिसला असं मला वाटतं, पण ती एखाद्या शाळेची पाण्याची टाकीही असू शकेल, म्हणून तो मी पाहिलेल्यांत धरत नाही.

जे पाहिलं ते कुठल्याही सहल कंपनीच्या पत्रकात नाही. ते ठिकाण करमाडच्या अलीकडे, जालना रस्त्यापासून थोडं आत, एका प्रयोगशाळेत आहे आणि त्याचा एकूण विस्तार तिळाच्या पाठीवर सहज मावेल एवढा आहे. प्रवेश चप्पल काढून. आत बोलायला मनाई. मार्गदर्शक उपलब्ध, पण कडक. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि ते म्हणजे जवळजवळ सगळेच.

आधी आमची ओळख. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर वाईटपणा घ्यायचा, हे माझं काम. घरातही मी तोच माणूस असतो असं बायकोचं म्हणणं आहे. दुधाचं माप मी घरी आल्यावर पुन्हा मोजतो, हे खरं आहे.

मुलगी मुक्ता मुंबईला एका संस्थेत संशोधन करते. तिचा विषय मला समजला तसा सांगतो. आपल्या रक्तात रोगजंतूंना पकडणारे प्रथिनांचे रेणू असतात, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. आकार साधारण इंग्रजी वाय अक्षरासारखा: खाली एक पाय, वर दोन हात. हे रेणू सोन्याच्या पातळ थरावर चिकटवले आणि त्यांचे हात वर राहिले, तर रुग्णाच्या रक्ताच्या थेंबातला जंतू ते पकडतात आणि तपासणीची पट्टी तयार होते. पण रेणू आडवे पडले तर काही उपयोग नाही. पालथा झोपलेला पहारेकरी चोर पकडत नाही. आमच्या कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप येतो, निदान होईपर्यंत कधीकधी उशीर होतो. गावच्या दवाखान्यात चालेल अशी पट्टी करायची, हा मुक्ताचा ध्यास. रेणूंना उभं करण्याची एक युक्ती तिनं शोधली होती. बाकीच्या चाचण्या सांगत होत्या की ते उभे आहेत. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "सांगतायत ते ठीक आहे. पण दिसले पाहिजेत. चित्र आण, मग प्रबंध बांधायला टाक."

तिच्या संस्थेतलं यंत्र नेमकं बंद पडलं होतं, भाग परदेशातून यायचा होता. करमाडच्या प्रयोगशाळेनं जानेवारीत तीन दिवस देऊ केले. मुक्ता नमुन्याचा बर्फाचा डबा घेऊन आधी घरी आली होती आणि इथूनच पुढं निघणार होती. बायको म्हणाली, "अहो, ती एकटी डबा सांभाळणार की सामान? तुम्ही जा. रजा कुजतेय. आणि वेरूळ बघून या."

डब्याची कीर्ती

प्रवासाचं वर्णन करण्यासारखं एकच आहे: डबा. कोकणातला माणूस बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसला की त्यात मासेच असणार, यावर महाराष्ट्राचं एकमत आहे. पुण्यापर्यंत शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावून ठेवला होता. वास कसलाच नव्हता, पण त्यांना येत होता. पुढच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, "सुरमई का?" मी म्हणालो, "प्रथिनं आहेत." तो म्हणाला, "तेच की. माशात लई असतात."

संभाजीनगरच्या स्टँडवर आम्हाला रिक्षावाले सलीमभाई मिळाले. पांढरी दाढी, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. त्यांनी डब्याकडे पाहिलं. "पापलेट है क्या साब?"

"नाही. औषधासारखं आहे."

"हौ, समझ गया," ते म्हणाले, पण चेहऱ्यावरून त्यांना पापलेटच समजलं होतं. औरंगपुऱ्यातल्या लॉजपर्यंत त्यांनी आमचा कार्यक्रम विचारून घेतला. करमाड म्हटल्यावर त्यांनी रिक्षाच थांबवली.

"करमाड? वां क्या है? वेरूल इधर, करमाड एकदम उलटा उधर. लोगां दुनिया से वेरूल देखने आते, और तुम कोकन से करमाड देखने आये?"

मुक्ता म्हणाली, "काम आहे, चाचा. वेरूळ शेवटच्या दिवशी."

"पक्का?"

"पक्का."

त्या रात्री त्यांनीच सांगितलेल्या ठिकाणी नान-खलिया जेवलो. खलियाचा रस्सा तिखट दिसतो तेवढा नसतो, आणि नान इतकी मऊ की तिच्यापुढे आमची घावनंही जरा कोरडीच म्हणायची. हे वाक्य बायकोनं वाचलं आहे आणि तिला ते पसंत नाही. पण खरं आहे ते आहे.

पहिला दिवस: झोपाळा, जो हलत नाही

प्रयोगशाळेच्या दारात डॉ. साळवे मॅडम उभ्या होत्या. यंत्र त्यांच्या ताब्यात. चाळिशीच्या आसपास, सुती साडी, हातात किल्ल्यांचा जुडगा. फोनवर कुणाला तरी "जय भीम, मग करते फोन" म्हणून त्यांनी आमच्याकडं वळून पाहिलं. डब्याकडं जास्त.

"काय काका, चिपळूणहून आलात म्हणं. मासे कुठायत?"

मी डबा उघडून दाखवला. बर्फात एक बोटभर कुपी, तिच्या तळाशी पाण्यासारखे काही थेंब.

"एवढंच? ह्याच्यासाठी एवढा डबा?" त्या हसल्या. "चपला तिथं काढा. मोबाइल बंद. खोकला, शिंक, जांभई जे काय असंल ते बाहेर उरकून या. आत बोलायचं नाय. आमच्या घरात तीन पिढ्या बोलायला शिकवलं, आणि मला नोकरी मिळाली ती लोकांना गप्प बसवायची."

आत गेलो. ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला ते यंत्र छतापासून रबराच्या जाड दोऱ्यांनी टांगलेल्या एका दगडी फरशीवर बसलं होतं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कोकणात माजघरात झोपाळा असतोच. फरक एवढाच की आमचा झोपाळा हलण्यासाठी टांगतात आणि हा न हलण्यासाठी. जालना रस्त्यावरून ट्रक गेला की जमीन थरथरते. ती थरथर आपल्याला जाणवत नाही, यंत्राला जाणवते. रबर ती मधल्यामध्ये पिऊन टाकतं.

याला सूक्ष्मदर्शक म्हणतात, पण यातून कोणी काही पाहत नाही. डोळा लावायला जागाच नाही. एका बारीक लवचीक पट्टीच्या टोकाला सुई असते. ती सोन्याच्या पृष्ठभागावर टकटक करत एक ओळ चालते, परत येते, पुढची ओळ घेते. उंचवटा आला की पट्टी वर होते, खड्डा आला की खाली. तिच्या पाठीवरून परावर्तित होणारा प्रकाशाचा किरण ही हालचाल टिपतो आणि संगणक ओळीवर ओळ रचून चित्र करतो. वीज गेल्यावर अंधारात आपण बोटांनी काडेपेटी शोधतो, तसलाच प्रकार. फक्त इथं बोटाचं टोक काही नॅनोमीटरचं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे ऐकल्यावर मी माझ्या नोकरीबद्दल पहिल्यांदाच थोडा नम्र झालो. मी ग्रॅमच्या खाली फारसा उतरत नाही.

पहिला दिवस नुसतं सोनं पाहण्यात गेला. रेणू चिकटवण्याआधी जमीन कशी आहे ते कळायला हवं. चित्र वरून खाली उतरू लागलं आणि पडद्यावर पायऱ्या दिसल्या. सपाट चौथरे, त्यांच्या कडेला उतरत्या पायऱ्या, मग पुन्हा चौथरा. एकेक पायरी एका अणूच्या उंचीची. मी हळूच मुक्ताच्या कानात म्हणालो, "वेरूळ असंच दिसतं का?"

साळवे मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. पडद्यावर माझं वाक्य एका पुसट रेघेच्या रूपानं उमटलं होतं.

दुसरा दिवस: हुरडा आणि आनंद

सकाळी मुक्तानं सोन्याच्या दुसऱ्या तुकड्यावर कुपीतला थेंब ठेवला, थांबली, धुतला, वाळवला. सुई उतरली. आम्ही तिघंही श्वास मोजून घेत बसलो.

रेणू दिसले.

नुसते दिसले नाहीत, हात वर करून दिसले. काळसर सोन्यावर उजळ ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला दोन शेंडे. इथं दोन, तिथं दोन, जिकडं बघावं तिकडं दोन. मुक्तानं तोंडावर हात दाबून धरला, कारण ओरडायला बंदी होती. ओळी संपल्यावर ती बाहेर पळाली आणि व्हरांड्यातून तिच्या आईला फोन केला. "आई, दिसले! दोन्ही हात वर!" आईनं ते ऐकून फोन ठेवला आणि आळीत पेढे वाटायला काढले, हे आम्हाला नंतर कळलं.

साळवे मॅडम चित्राकडं बराच वेळ पाहत राहिल्या. "लई सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मला लई सुंदर चित्राची जरा भीतीच वाटती. पण आज पोरीचा दिवस आहे. चला, भावाच्या शेतात हुरडा लावलाय."

करमाडच्या त्या काळ्या रानात मी आयुष्यातला पहिला हुरडा खाल्ला. आमच्याकडं ज्वारी शेतात दिसत नाही, दुकानात दिसते, आणि तीही मी वजन करताना. इथं आगटीत कोवळी कणसं भाजतात, हातावर चोळून दाणे काढतात आणि गरम गरम दाणे समोर टाकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. नंतर ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, आमटीला घट्टपणा देतं. भातखाऊ माणसाला भाकरीनं इतकं पोट भरल्यासारखं वाटणं मला अपमानास्पद वाटलं, तरी मी अजून एक घेतली. मॅडमचे भाऊ आग्रह करताना म्हणाले, "घ्या हो पाव्हणं, वजन करून खाताव का?" त्यांना माझी नोकरी कळली होती.

मुक्ता बांधावर बसून मोबाइलमधल्या चित्राकडं पुन्हा पुन्हा पाहत होती. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. आणि तिथं, तोंडात हुरड्याचे दाणे असताना, मला एक गोष्ट खटकली.

सगळ्या जोड्या एकाच दिशेला कलल्या होत्या.

प्रत्येक ठिपक्याचे दोन शेंडे, आणि त्यातला डावा नेहमी थोडा वर, उजवा नेहमी थोडा खाली. एकही उलटा नाही, एकही आडवा नाही. आमच्या किनाऱ्यावर माड समुद्राकडं झुकतात, पण त्यांतही एखादा हट्टी असतोच. इथं एवढी शिस्त कुठून आली?

माझ्या कामात ही भावना मला ओळखीची आहे. एखाद्या दुकानातला काटा प्रत्येक वेळी अगदी नेमका, शोभेसा उभा राहिला की मी पहिल्यांदा त्या काट्यावर शंका घेतो. आणि शंका आली की एक जुना उपाय असतो: पारडी बदलायची. वजन डावीकडून उजवीकडं, माल उजवीकडून डावीकडं. काटा प्रामाणिक असेल तर तो तसाच समतोल राहतो. दांडीचा एक हात लांब असेल तर तिथंच उघडा पडतो. हे मुक्ताला मी लहानपणी स्वयंपाकघरात शिकवलं होतं, तांदूळ आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन.

पण मी काहीच बोललो नाही. मी स्वतःला सांगितलं की रेणूंचं मला काय कळतं. मी स्वतःला हेही सांगितलं की मी रजेवर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या बापांचे काटे जप्त केले, आणि स्वतःच्या मुलीचा काटा समोर आला तेव्हा मला रजा आठवली. आणखी एक भाकरी घेतली ती बहुधा तोंड बंद ठेवायला.

परत येताना सलीमभाईंनी विचारलं, "काम हो गया?"

"झालं," मुक्ता म्हणाली. पण तिचा आवाज सकाळचा नव्हता.

"तो कल वेरूल! सुबह गाडी धोके लाता. चाय उधरीच पिएंगे."

लॉजवर बायकोचा फोन आला. "आळीतले सगळे विचारतायत, प्रबंध कधी छापून येणार. आणि कैलास लेण्याचे फोटो व्यवस्थित काढा, डोकी कापू नका."

औरंगपुऱ्यात आम्ही इमरती घेतली. गरम, केशरी, जिलबीपेक्षा जाड. मुक्तानं अर्धी खाल्ली आणि बाकीची मला दिली. लहानपणापासून ती गोड टाकत नाही. 

तिसरा दिवस: पारडी

सकाळी खाली उतरलो तर सलीमभाई खरोखरच रिक्षा धुऊन आले होते. आरशाला झेंडूची छोटी माळ. हँडलला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी.

मुक्ता रिक्षात बसली नाही. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाबा, आज वेरूळ नको. पारडी बदलू या."

मी म्हणालो, "तुलाही दिसलं?"

"तुलाही? म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?"

"हुरडा खाताना."

"मला त्याच्याही आधी. म्हटलं, तुम्ही इतके खूश आहात."

"आणि मी म्हटलं, तू इतकी खूश आहेस."

"छान," ती म्हणाली. "एका घरात दोन निरीक्षक आणि दोघंही रजेवर."

सलीमभाई एकाकडून दुसऱ्याकडं पाहत होते. "क्या हुआ? वेरूल नै?"

"करमाड, चाचा."

"फिर करमाड?" ते रिक्षातून उतरलेच. "बेटी, उधर है क्या आखिर? कल बोले काम हो गया. हो गया तो हो गया!"

"कदाचित झालं नाही, चाचा. बघावं लागेल."

सलीमभाईंनी आरशाची माळ काढली, घडी करून खिशात ठेवली आणि मुकाट रिक्षा चालू केली. वाटेत एकदाच बोलले, तेही स्वतःशी. "वेरूल वाले क्या हमारी राह देख रहे? वो तो हजार साल से खडे हैं. नक्को, चलो."

साळवे मॅडमना मुक्तानं विचारलं, "मॅडम, नमुना नव्वद अंशांत फिरवून बसवायचा का?"

मॅडमनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "आलीस का वळणावर? मी काल तुझ्याकडं आन् तुझ्या बापाकडं बघत होते, कोण आधी बोलतंय. दोघंबी हुरडा चावत बसला."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं असतं संध्याकाळपर्यंत. तू न विचारता फाइल घेऊन निघाली असतीस, तर गाडी अडवून सांगितलं असतं. पण तू विचारणं येगळं, मी सांगणं येगळं. नंतर आख्खं आयुष्य तुलाच विचारायचंय. मी कुठं संगं येणार?"

गंमत अशी होती की फिरवलं नसतं तर काहीच अडलं नसतं. चित्राची फाइल तयार होती. सर खूश झाले असते, प्रबंध बांधून झाला असता. फिरवण्यात मात्र ते चित्र खोटं ठरण्याचा धोका होता. आणि मॅडमकडं त्या जातीची एकच कोरी सुई उरली होती.

तुकडा काढला, फिरवला, पुन्हा बसवला. आता जर त्या जोड्या रेणूंच्या असतील, तर तुकड्याबरोबर त्याही फिरायला हव्यात. सुई तीच, जागच्या जागी. तिघंही अनवाणी, गप्प. पहिल्या काही ओळी उतरल्या. एक ठिपका आला. दोन शेंडे. डावा थोडा वर, उजवा थोडा खाली.

दुसरा ठिपका. डावा वर, उजवा खाली.

तुकडा काटकोनात वळला होता आणि जोड्या जिथल्या तिथं उभ्या होत्या.

मुक्तानं यंत्र थांबवलं. खोलीत बोलायला आता हरकत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "टोक तुटलंय. एकाची दोन टोकं झाली. पहिलं टोक रेणूला शिवतं, एक ठिपका. मागनं दुसरं शिवतं, दुसरा ठिपका. काल दिवसभर आपण रेणूंचा नाय, सुईचाच फोटो काढला."

रेणूंना दोन हात असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणाला ती चूक वाटली नाही. एक टोक तुटून तीन झाली असती तर मुक्तानं पहिल्याच मिनिटाला यंत्र थांबवलं असतं. दोनच झाली, नेमकी आम्हाला हवी तेवढी. खोटा काटा असाच असतो. तो नेहमी दुकानदाराला हवं तेवढंच वजन दाखवतो.

मुक्ता व्हरांड्यात जाऊन बसली. मी शेजारी बसलो. समोर तुरीचं रान होतं, लांब रस्त्यावर ट्रक जात होते. "आईनं पेढे वाटलेत," ती म्हणाली.

"पेढे परत मागता येत नाहीत."

"सर म्हणतील, एवढ्या लांब जाऊन सुई बघून आलीस."

"त्यांना सांग, बापही बरोबर होता."

ती हसली नाही, पण उठली. "मॅडम, ती कोरी सुई द्याल?"

"तुझ्याचसाठी ठेवलीय," मॅडम आतून म्हणाल्या. "पण नीट उतरव. ही मोडली तर मग सरळ वेरूळलाच जा, तिथं हातानं बघता येतंय."

नवी सुई बसली. मुक्तानं ती इतक्या हळू उतरवली की मला वाटलं सुई थांबली आहे. मग ओळी येऊ लागल्या.

हे चित्र सुंदर नव्हतं. ठिपके होते, पण वेडेवाकडे. काही उंच, काही बुटके, काही पसरलेले, जसे रांगेत उभं राहायला सांगितलेले बालवाडीतले विद्यार्थी. कुणी उभं, कुणी बसलेलं, कुणी मस्त आडवं. हात कुणाचेही स्पष्ट दिसत नव्हते. पण उंची खरी होती, आणि उंचीवरून कोण उभं, कोण आडवं ते मोजता येत होतं. मुक्ताचा चेहरा पडद्याच्या उजेडात पाहिला. कालचा आनंद नव्हता. आमच्या खात्यात शिक्का मारण्याआधी चेहरा जसा होतो, तसा झाला होता.

चित्राचा बराच भाग उतरला होता तेव्हा माझ्या नाकात काहीतरी गेलं. शेतातली धूळ असावी, किंवा कालच्या हुरड्याचं कूस. मी नाक दाबलं, श्वास धरला, बायकोची आठवण काढली. काही उपयोग झाला नाही.

शिंकलो.

सुई दचकली. चित्रावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी आडवी रेघ उमटली.

साळवे मॅडमनी डोळे मिटून घेतले. मी हात जोडले. मुक्तानं मात्र यंत्र थांबवलं नाही. पुढच्या ओळी पुन्हा शांत उतरू लागल्या. सुई वाचली होती. चित्र संपल्यावर ती म्हणाली, "पुन्हा काढायला वेळ नाही. राहू दे. तेवढ्या ओळी सोडून मोजू."

मोजलं. मीही मोजलं, दोनदा. उभे रेणू होते, पण निम्म्याहून बरेच कमी. मुक्ताची युक्ती चालत होती, पण ती सांगत होती तेवढी नाही.

"म्हणजे फसलं?" मी विचारलं.

"नाही बाबा. अर्धवट चालतं. आता किती अर्धवट ते माहीत आहे. काल तेवढंही माहीत नव्हतं."

मॅडमनी तिला घरून आणलेलं येसर बांधून दिलं. मला म्हणाल्या, "काका, पुढच्या टायमाला या, पण शिंकून या."

परत

स्टँडवर सलीमभाईंनी डबा उतरवून दिला. तो हलका झालेला पाहून त्यांनी समाधानानं मान हलवली. "बिक गये सब?"

"संपले, चाचा," मुक्ता म्हणाली.

"चलो, अच्छा हुआ. और वेरूल?"

"पुढच्या वेळी."

"हौ," ते म्हणाले, आणि खिशातून ती झेंडूची माळ काढून आमच्या डब्याच्या कडीला बांधली. पुण्यापर्यंत शेजारच्या माणसाला डब्यात देव आहे असं वाटत होतं, म्हणून त्यानं पाय आवरून घेतले. मासे समजण्यापेक्षा हे बरं.

घरी बायकोनं फोटो मागितले. मी तिला चित्र दाखवलं. तिनं चष्मा लावून पाहिलं, उलटं करून पाहिलं. "हे कैलास लेणं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पेढे वाटले ते हेच का?"

"ते दुसरं होतं. ते जास्त छान होतं. ते खोटं निघालं."

तिनं चित्र पुन्हा सुलटं केलं. मग तिनं मुक्ताला विचारलं, "ह्याच्यावर सर सही करतील?"

सरांनी केली. पण आधी प्रबंधाचं नाव बदलायला लावलं. रेणू सोन्यावर उभे राहतात असं होतं, त्याचं आता ते किती प्रमाणात उभे राहतात असं झालं. मुक्तानं खोट्या चित्राचंही एक पान घातलं, सुईचं टोक तुटलं तर काय दिसतं ते इतरांना कळावं म्हणून. आळीत तिची आई तेच चित्र दाखवते, कारण पेढे त्याचे होते.

खऱ्या चित्राखाली मुक्तानं पांढऱ्या रेघेचं कारण लिहिलं होतं. ती माझीच मुलगी असल्यामुळे तिनं ते जसं घडलं तसं लिहिलं: वडिलांची शिंक. सरांनी ते खोडलं आणि शास्त्रात चालेल असा शब्द घातला. त्यामुळे माझी नोंद आता त्या प्रबंधात कायमची आहे, आणि ती वाचून बायको म्हणाली की एवढ्या वर्षांत माझं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं.

बाह्य कंपन.